रात्रभराचे नाटक, चार दिवसांची सुट्टी

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या गुढीपूर वस्तीत मे महिन्यातल्या एका दुपारी मी चित्रकथी, म्हणजे एकेक चित्र दाखवत गाऊन सांगितलेली कथा, ऐकायला बसले होते. बाहेर ऊन रणरणत होते आणि कौलांखाली मात्र सारवलेल्या जमिनीचा गारवा तळपायांना लागत होता. भिंतीवर चामड्याच्या छायाबाहुल्या टांगल्या होत्या. शेजारी दोऱ्यांना लटकलेल्या कळसूत्री बाहुल्यांपैकी एखादी वाऱ्याने हलली की तिचा लाकडी हात उगाच वर जाई. पोथी सांगणाऱ्या गृहस्थांनी चित्रांचा गठ्ठा मांडीजवळ ठेवून पहिले, गणपतीचे, चित्र समोर उभे धरले होते आणि हुडुकावर पहिली थाप पडणार एवढ्यात अंगणात एक गाडी येऊन थांबली. आईवडील, दोन मुले आणि आजी असे कुटुंब उतरले. सगळे घामाने भिजलेले आणि तरीही उत्साहात. वडिलांनी चप्पल काढता काढता अतिशय सौजन्याने विचारले, "किती वेळ लागेल?" पोथीवाल्यांनी चित्र खाली न ठेवता तितक्याच सौजन्याने उलट विचारले, "तुमच्याकडे किती आहे?" संध्याकाळच्या आत तारकर्ली गाठायची असल्यामुळे त्यांच्याकडे वीस मिनिटे होती. त्या वीस मिनिटांत पोथीवाल्यांनी गणपती दाखवला, युद्धाची दोन चित्रे दाखवली, एक बाहुली नाचवली, मुलांना पोट धरून हसवले. आजींनी हात जोडले, आईने एक लहानसे चित्र विकत घेतले आणि गाडी निघून गेली. सगळे समाधानात होते.

तो प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला.

त्यात कोणाचेच काही चुकलेले नव्हते, म्हणूनच तो अधिक बोचत राहिला असावा. आडवाट करून, मुलांना घेऊन, समुद्राचा एक तास कमी करून ते कुटुंब तेथे आले होते. महामार्गावरून धावणाऱ्या बहुतेक गाड्या पिंगुळीला थांबतसुद्धा नाहीत. ते गेल्यावर पोथी पुन्हा पहिल्यापासून लागली. सीतेच्या शोधाची कथा होती. चित्रकथीची चित्रे सुटी असतात, पाठीला पाठ लावून जोडीने चिकटवलेली असतात आणि ती एकेक करून उचलून दाखवली जातात, हे मला ऐकून माहीत होते. पुण्यात केळकर संग्रहालयात जुनी चित्रे काचेआडून पाहिलीही होती. पण काचेआड जे दिसत नाही ते तेथे दिसले. एक चित्र समोर धरले की कथेकरी त्याच्याकडे पाहतसुद्धा नाहीत; त्यांची नजर तुमच्यावर असते आणि चित्रातल्या व्यक्तींचे मोठे वाटोळे डोळे एकमेकांवर. चित्रात मागे ना झाड ना डोंगर असतो, फारतर एखादी फांदी असते. उरलेले अरण्य शब्दांतून आणि वीणेच्या एकसुरी झंकारातून उभे राहते. मग कथा थांबते, चित्र उलटते, आणि पुढचा प्रसंग येईपर्यंत मधली जागा गाणे भरून काढते. ते सगळे सावकाश चालते. हनुमान समुद्रापर्यंत पोहोचायलाच इतका अवकाश लागला की तोवर अंगणातली सावली आवळीच्या बुंध्यापासून तुळशीपर्यंत सरकली होती. त्या सावकाशीतच ती कथा होती, असे मला तेथे बसल्या बसल्या वाटू लागले.

ही पोथी मुळात ज्यांच्यासाठी सांगितली जाई त्या लोकांना कथा आधीपासून पाठ होती. सीता सापडणार हे देवळातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. पुढे काय होणार या उत्सुकतेने तेथे कोणी बसत नसे. ठाऊक असलेले पुन्हा एकदा नीट घडताना पाहायचे, एवढ्यासाठी लोक बसत. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाखाली ठाकर समाजाने ही कला, बाहुल्यांचे खेळ, राधानृत्य हे सारे जपले आणि आश्रय संपल्यावर त्यातले पुष्कळसे घराघरांतल्या माळ्यांवर गेले. गंगावणे कुटुंबाने गुरांच्या गोठ्यात त्याचे संग्रहालय केले, परशुराम विश्राम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, आणि आज मुंबईपुण्याच्या मुलांना शाळेच्या सहलीत पिंगुळी हे नाव कळते. हे मोठेच काम आहे. त्याविषयी मनात कृतज्ञता ठेवूनच मी पुढचे लिहिते आहे.

माझे आजोळ कुडाळपासून फार दूर नाही. लहानपणी मे महिना म्हणजे आजोळ, याहून वेगळी कल्पनाच नव्हती. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, रात्रभर एस.टी.त डुलक्या घेत पहाटे उतरायचे आणि पायवाटेने चालू लागले की कुजत पडलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस, डोक्यात चढणारा वास आधी भेटायचा, घर नंतर. दहाच्या सुमारास पेज, तिच्याबरोबर फणसाची भाजी, दुपारी पडवीत पसरलेल्या सुपांवर साठे घालायला बसलेल्या मावश्या, संध्याकाळी करवंदांनी जांभळी झालेली बोटे. आज हे सगळे शब्द जाहिरातींनी वापरून गुळगुळीत केले आहेत, तरी त्या वासांना अजून काही झालेले नाही. त्या सुट्टीला शेवट आहे हे आम्हाला शेवटच्या आठवड्यापर्यंत जाणवत नसे. कोणत्या दिवशी काय पाहायचे असे काही ठरलेले नसे, कारण पाहायला आलोच नव्हतो. राहायला आलो होतो. आणि राहिल्यामुळेच वाडीत जे काही होईल ते आमच्या वाट्याला येई.

वाडीत जे होई त्यात सर्वांत मोठे म्हणजे दशावतारी नाटक. जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि दशावताराचे खरे घर ती जत्रा, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आमच्यासाठी दशावतार मे महिन्यात होत असे, कारण मे महिन्यात चाकरमानी येत. घराघरांत माणसे भरली की कोणाकडे तरी सत्यनारायणाची पूजा निघायची, वाडीची मिळून वर्गणी गोळा व्हायची, मुंबईहून आलेल्यांनी जरा हात सैल सोडायचा, आणि पूजेनिमित्त नाटक ठरायचे. उन्हाळी सुट्टी आणि ही कला यांचे नाते असे जुने आहे. गावाबाहेर गेलेल्या माणसांच्या सुट्टीनेच दशावतारी मंडळांना पावसाआधीचे शेवटचे दोन महिने कामाचे करून दिले आहेत. म्हणून सुट्टीत येणाऱ्या माणसामुळे कला बिघडते, असे सरसकट म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. प्रश्न तो माणूस कोठे बसतो आणि किती वेळ बसतो, एवढाच आहे.

आम्ही खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसायचो. नारळाच्या चुडतांच्या माटवाखाली, गोणपाटांवर, अंगाला अंग लावून. रंगपट म्हणजे शेजारच्या घराची पडवी. संध्याकाळी मंडळ आले की आम्ही मुले तेथे दाटी करायचो. पूर्वी हे लोक पेटारा डोक्यावर घेऊन या गावाहून त्या गावाला चालत जात; 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण आजोबा सांगत. आमच्या वेळेपर्यंत टेम्पो आला होता, पण पेटारा तोच होता, आणि त्यातला गणपतीचा मुखवटा पाटावर ठेवून त्याची पूजा झाल्याशिवाय कोणी चेहऱ्याला रंग लावत नसे. मग लहान आरसे भिंतीला लागत. उन्हाने काळवंडलेला एक माणूस आमच्यासमोर मांडी घालून बसे आणि स्वतःच्या हातांनी स्वतःच्या चेहऱ्यावरून हळूहळू एक राणी काढत जाई. भुवया, ओठ, मग केस, मग लुगडे. आणि कोणत्या तरी एका क्षणी, तो क्षण मला कधीच पकडता आला नाही, त्याच्या बसण्याची ढब बदलत असे. तो उठून पाणी मागायला गेला तर आमची आजी त्याला 'घे गो बाय' म्हणून तांब्या देई. त्या म्हणण्यात थट्टा नव्हती. समोर राणी उभी होती.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. मंडळाचा प्रमुख त्या रात्रीचे आख्यान ठरवतो, रंगता रंगता कोणी कोणती भूमिका करायची ते सांगतो, प्रसंगांचा क्रम सांगतो, आणि संवाद ज्याने त्याने तेथेच, उभ्या उभ्या घडवायचे असतात. लाकडी बाकडे हे सिंहासन, तेच पलंग, तेच पर्वत. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. झांज वाजवणाऱ्याला जाहिरातीच्या कागदावर 'तालरक्षक' असे भारदस्त नाव दिलेले असते आणि ते त्याला शोभतेही. राजपार्टी करणारा नट सभेत येऊन आधी एक पद म्हणतो, मग नीतीवर, दैवावर, राज्यकारभारावर असे काही संस्कृतप्रचुर बोलू लागतो की चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस हे कोठून आणतो, याचे आजही नवल वाटते. रात्री अकराला एक राजा धर्म म्हणजे काय यावर बोलत असे, दुसरा त्याला अडवत असे, आणि खळ्यात बसलेली म्हातारी माणसे मान हलवत असत किंवा नापसंतीने सुपारी थुंकत असत. दोघांचे बोलणे रंगले तर तो प्रसंग अर्धा तास चाले. नाही रंगले तर पखवाजवाला ओळखून थाप देई आणि नारद येई. सभा कशी आहे, गाव कोणता आहे, समोरचा नट आज कितपत तयारीत आहे, यावर सगळे अवलंबून. सुधीर कलिंगण यांना लोक 'लोकराजा' म्हणत. २०२२ साली ते गेले तेव्हा आमच्या वाडीत ज्यांनी हळहळ व्यक्त केली त्यांना त्यांची कोणती भूमिका आठवली, तर भूमिकेचे नाव क्वचितच कोणी घेतले. 'अमक्याच्या पूजेक त्या रातीक काय बोललो तो', अशीच प्रत्येकाची आठवण होती. प्रत्येकाची रात्र वेगळी आणि ती पुन्हा होणारी नव्हती.

आता अशा नाटकाची वीस मिनिटे काढायची म्हटले तर कोणती काढणार? युद्ध काढता येते. तलवारी, गिरक्या, पखवाजाची चढती लय, हे कोणालाही, भाषा न कळणाऱ्यालाही आवडते. समुद्रकाठच्या एका ठिकाणी, जेवणाच्या टेबलांच्या मधल्या जागेत, असे युद्ध मी पाहिलेले आहे. नट कसलेले होते. त्यांनी काहीही कमी केले नाही, पाय तितकेच जोरात आपटले, घामही तितकाच गाळला. पण ते दोघे का लढत आहेत हे कोणालाच माहीत नव्हते. रात्री दहापासून ज्याचा अपमान होताना पाहिला, ज्याच्या बायकोने हात जोडून 'जाऊ नका' म्हटलेले ऐकले, तो माणूस पहाटेच्या सुमारास तलवार उचलतो तेव्हा झोपाळलेले सगळे खळे एकदम जागे होऊन ताठ बसते. तेथे टाळ्या पडल्या. ताठ बसणे घडले नाही.

सावंतवाडीलाही हेच दुसऱ्या रूपात भेटते. मोती तलावाच्या काठाने राजवाड्यात गेले की दरबार हॉलमध्ये कारागीर खाली मान घालून गंजिफा, म्हणजे एका जुन्या खेळाचे पत्ते, रंगवत बसलेले दिसतात. हाताच्या तळव्यात मावणारी गोल पाने, त्यावर केसाएवढ्या बारीक रेषेने काढलेला मत्स्य, कूर्म, वराह. दशावतारी गंजिफेचा जोड १२० पानांचा असतो: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, त्यांत एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. संस्थानिकांच्या काळात भरभराटीला आलेली ही कला गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ संपली होती. ती जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती त्यांच्याकडून शिकून घेतली, तरुण कारागिरांना शिकवली आणि राजवाड्यातच लाखकामाचे केंद्र उभे केले. राणीसाहेबांनी स्वतः हातात कुंचला धरला, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या केंद्राला विक्री करावी लागली, पर्यटकांना हवे तसे डबे, पाट, तबके रंगवावी लागली, आणि त्या विक्रीमुळेच कुंचले चालू राहिले. कला बाजारात आणू नये असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा ते दरबार हॉलमधले खाली वाकलेले चेहरे पाहावेत.

पण गंजिफा हा खेळ आहे. चौकटीत बसवून भिंतीवर लावलेल्या गंजिफा मी कितीतरी घरांत पाहिल्या आणि त्या घरांतल्या एकालाही त्या खेळता येत नव्हत्या. मला आमच्या आजोबांच्या थोरल्या भावाने शिकवल्या. त्यांच्याकडे जुना, कडांनी झिजलेला जोड होता. त्याच्या लाखेला उन्हात एक उग्र, गोडसर वास येई. तिघांनी खेळायचे, प्रत्येकाला चाळीस पाने. इतकी गोल पाने लहान हातात मावत नाहीत, म्हणून आम्ही ती मांडीवर पदरासारखा पंचा पसरून त्यात लावायचो. दिवसा खेळ असेल तर रामाची पाने प्रमुख, रात्री असेल तर कृष्णाची. अर्ध्या अवतारांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. म्हणजे एका रंगात जे पान सर्वांत दुबळे तेच दुसऱ्यात बलवान. कोणती पाने पडून गेली हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. हा खेळ शिकायलाच काही दुपारी जातात आणि एक डाव पुरा व्हायला उरलेली दुपार. बाहेर पाचोळासुद्धा हलत नाही, घरातली मोठी माणसे झोपली आहेत, करण्यासारखे दुसरे काहीही नाही, अशा मे महिन्याच्या दुपारीच तो खेळ शिकता येतो. ती दुपार आमच्याकडे होती. भिंतीवरच्या गंजिफांना ती मिळालेली नाही.

गंजिफा उरली आणि डाव गेला, चित्र उरले आणि त्यामागचे गाणे तोकडे झाले, युद्ध उरले आणि त्याआधीची रात्र गळून पडली. वस्तू आपण वाचवतो आहोत. तिला लागणारा वेळ मात्र कोणाच्या यादीत नाही.

सावंतवाडीच्या चितार आळीत उभे राहिले की हे आणखी एका प्रकारे जाणवते. दुकानांतून लाकडी आंबे, काजू, केळी, फणस, सीताफळे मांडलेली असतात, आणि मुले हटकून एखादा आंबा उचलून नाकाला लावतात. पांगाऱ्याचे लाकूड हलके असते म्हणून ही फळे हातात घेताच आश्चर्य वाटते. फाल्गुनात निष्पर्ण होऊन लालभडक फुलणारा, कुंपणाला आणि मिरीच्या वेलांना आधाराला लावलेला तो पांगारा कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्याकडे पाहून कोणाला फळे सुचली असतील, या विचाराने मी प्रत्येक वेळी खूश होते. लाकूड आधी नीट सुकावे लागते, मग घडवायचे, घासायचे, थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, पुन्हा घासायचे, मग रंग. पाच मिनिटांत घासाघीस करून विकत घेतलेल्या आंब्यात असे कितीतरी वाळण्याचे दिवस असतात. दुकानाच्या मागच्या खोलीत डोकावू द्याल का, असे विचारले तर आजवर मला कोणी नाही म्हटलेले नाही. उलट तेथे बसलेल्या माणसाला थोडा आनंदच होतो. पावसात रंग वाळत नाही म्हणून उन्हाळ्यात जास्तीत जास्त काम उरकायचे असते, नेमकी तेव्हाच गिऱ्हाइकांची गर्दी असते, आणि हात चालू ठेवून बोलावे लागते, हे मला अशाच एका मागच्या खोलीत कळले.

हे सगळे लिहिताना माझे मन एका बाजूला स्थिर राहत नाही, हेही मांडले पाहिजे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, त्यानंतर वर्षभरातच कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि ज्या तरुणांना मुंबईला जाण्यावाचून गत्यंतर नव्हते त्यांतल्या काहींना गावात राहून पोट भरता आले. घरात न्याहरी-निवास चालवणारी माझी एक मामेबहीण आहे. तिच्या पाहुण्यांना दोन रात्रींत समुद्र, मासे, किल्ला आणि 'काहीतरी लोककला' हवी असते, आणि ती त्यांना मनापासून सगळे मिळवून देते. तिला मी काय सांगू? वर्षभर कार्यालयात राबलेल्या माणसाला चार दिवसांची रजा मिळते, त्यातले दोन प्रवासात जातात. त्याने रात्रभर गोणपाटावर बसावे असे म्हणणारी मी कोण? शिवाय कलावंत स्वतःसुद्धा काही जुन्याला चिकटून बसलेले नाहीत. आजकाल फलकांवर 'ट्रिकसीनयुक्त' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. देव धुरातून प्रकट होतो, दिवे रंग बदलतात. माझ्या मावशीला ते अजिबात खपत नाही. माझ्या मुलीला तेच सर्वांत आवडते. मला स्वतःला धूर आला की डोळे चोळावे लागतात, पण धुराबाहेर आलेल्या देवाने तोंड उघडले आणि तो बोलू लागला की मी सगळे माफ करते. बदलाला या कलेने नेहमीच जागा दिली आहे. तिला परवडत नाही ती घाई.

आणि घाई टाळणे, निदान एका रात्रीपुरते, आपल्यापैकी पुष्कळांच्या हातात आहे, असे मला आता वाटते. समुद्र कोणत्याही दिवशी असतो. नाटक तसे नसते. म्हणून आम्ही घरात असे ठरवले की यंदा आधी मावशीला फोन करायचा, वाडीत पूजा कधी आहे ते विचारायचे, आणि मग त्याच्या मागेपुढे रजा मागायची. तिकिटे गैरसोयीची मिळाली, म्हणून मोटारीने आजऱ्यावरून निघालो. आंबोलीच्या घाटात गार वाऱ्याने मुलीला झोप लागली आणि दाणोलीपाशी खाली उतरल्यावर उकाड्याने ती जागी झाली. पूजेच्या दिवशी सकाळपासून वाडीतली पोरे माटवाला चुडते बांधत होती. दुपारी तीर्थप्रसाद झाला, संध्याकाळी भजन झाले, आणि साडेदहाच्या सुमारास पखवाजाला कणीक लागली.

मुलगी अकराला झोपली. मी तिला उठवले नाही. गोणपाटावर, माझ्या मांडीवर डोके ठेवून, पायपेटीच्या सुरांत झोपणे हाही त्या रात्रीचाच भाग आहे; मीही असेच झोपत असे आणि झोपेत ऐकलेली पदे मला अजून आठवतात. राजाचे बोलणे त्या रात्री विशेष रंगले. आपल्याच शब्दात सापडलेला तो राजा होता, आणि दिलेले वचन मोडावे की मुलाला गमवावे, यावर तो आणि त्याचा प्रधान बराच वेळ बोलत राहिले. मध्येच लांब कोठेतरी वीज चमकली, मागच्या रांगेतून कोणीतरी 'इलो वाटता' असे पुटपुटले, आणि प्रधानाने ती वीज तत्काळ आपल्या बोलण्यात घेतली: महाराज, आकाशालाही आपला निर्णय ऐकायचा आहे. सगळे खळे खदखदून हसले आणि लगेच गप्प झाले, कारण राजाला हसू आलेले नव्हते. तो त्या विजेच्या दिशेने पाहत उभा राहिला. त्यानंतर त्याने जे उत्तर दिले ते मी येथे लिहू शकले असते, मला ते बरेचसे आठवते. पण पदाचे सूर आणि ती थांबलेली हवा सोडून नुसती वाक्ये लिहिली तर ती साधीच वाटतील. मुलगी युद्धाच्या पखवाजाने जागी झाली. तिने विचारले, "हे का भांडतायत?" मी तिला कानात सगळे सांगितले, पण माझ्यापेक्षा शेजारच्या आजींनी अधिक चांगले सांगितले, कारण त्या सांगता सांगता राजाची बाजू घेऊन चिडल्या होत्या.

नाटक संपले तेव्हा दोन वाजून गेले होते. पडवीत चहाचे कप फिरत होते आणि राणी झालेले नट नळाखाली तोंड धुत होते. खोबरेल तेलाने निम्मा रंग उतरला होता, निम्मा बाकी होता. मुलगी टक लावून पाहत उभी राहिली, तेव्हा त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकून तिला विचारले, "खंयचा सोंग आवडला तुका?" ती लाजून म्हणाली, राणीचे. ते प्रसन्न हसले. पावसाआधी अजून दोनच कामे राहिली आहेत, असे त्यांनी मला सांगितले. मिरग लागला की तरवा पेरायचा, मग लावणी, मग गणपतीपर्यंत डोके वर काढायला फुरसत नाही. मी विचारले की जत्रेतला दशावतार आणि हा यांत किती फरक असतो. त्यांना तो प्रश्न आवडला असावा, कारण त्यांनी कप खाली ठेवला. जत्रेत आधी आडदशावतार होतो, गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, काळा संकासूर येऊन मालवणीतून साऱ्या सभेची फिरकी घेतो, मग आख्यान लागते आणि पहाटे दहीकाला होतो, असे ते सांगत गेले, आणि संकासुराचे नाव आल्यावर मुलीने "तो कोण?" असे विचारताच त्यांनी तेथल्या तेथे, रंग अर्धा उतरलेल्या तोंडाने, त्याची चाल करून दाखवली. "जत्रेक ये," ते तिला म्हणाले. "थंय सकाळपर्यंत चलता. आवशीक सांग."

मावशीने आमच्या ग्रामदेवतेच्या जत्रेची तिथी सांगितली. ती मी तेथेच लिहून घेतली. तारीख पंचांग पाहून काढायची होती, आणि त्याआधी शाळेची सहामाही कधी संपते ते विचारायचे होते.